उणे साडेसहा

डबीचं उजवं झाकण परवा तडकलं,
म्हणून उजवी लेन्स वाटीत ठेवली होती
सोल्युशन घालून, वर बशी झाकून, ओट्याच्या कोपऱ्यात.
सकाळी बशी जागेवर. वाटी घासून पालथी.

सव्वासातला कंपनीची बस अंबड चौफुलीवर येते.
सहा चाळीस झालेत.
नळाला नवव्या दिवशी पाणी आलंय,
घरात जेवढी भांडी तेवढी भरलेली,
कुकर, परात, कणकेचा डबा, नातवाची दुधाची बाटली,
आणि मी मोरीत गुडघ्यांवर, फरशी चाचपत.

"दैवशाला, काय शोधायलीस?"
"लेन्स, काकू."
"केवढी हाय?"
"करंगळीच्या नखाएवढी."
"रंग?"
"रंग नसतो."
"मग दिसती कशी?"
चेष्टा नव्हती त्यात. गयाकाकू चेष्टा करत नाहीत.
"लेन्स घातल्यावर दिसते," मी म्हणाले.

डॉक्टरांनी शिकवलं होतं:
बोटावर धरून बघा, वाटीसारखी असली तर सुलटी,
बशीसारखी पसरली तर उलटी.
घाईत सगळ्या वाट्या बशा होतात.
येसराच्या मिरच्या निवडून तीनदा हात धुतले होते,
साबण, मग बेसन, मग परत साबण,
चौथ्यांदा धुवायला हवे होते
हे बोट डोळ्यात गेल्यावर कळलं.
आणि परतूरचं स्थळ आलं तेव्हा
पोह्यांची बशी पुढे करताना डावी लेन्स पापणीखाली वर सरकली,
डोळ्याला धार लागली ती थांबेना.
मुलाच्या मावशीनं जाताना आईला बाजूला घेऊन सांगितलं,
पोरीचं मन दुसरीकडं दिसतंय, जबरदस्ती करू नका.
आई अजून मधूनच विचारते, कोण होता गं तो?

"वाटीत होती का तुझी?" काकू म्हणाल्या.
त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.
"मला वाटलं, नुसतं पाणी.
पाणी कसं फेकून द्यायचं बाई? कडीपत्त्याला घातलं."

मग आम्ही दोघी कडीपत्त्याच्या कुंडीशी,
मी एका डोळ्यानं, त्या मोतीबिंदूच्या दोन डोळ्यांनी.
सापडली त्यांनाच. बुडख्याशी, दुमडलेली,
लाहीच्या टरफलासारखी कडक,
वरून एक मुंगी चाललेली.
"हीच का?"
हीच. सहा महिन्यांची होती.

बसमध्ये डावा डोळा मिटला की जालना विरघळायचं,
स्टीलच्या कारखान्यांचा धूर आणि आभाळ एकच.
उजवा मिटला की पाट्या परत वाचता यायच्या,
कंडक्टर नाही, तरी तिकीट काढावंसं वाटलं,
इतकं सगळं अनोळखी.

प्रयोगशाळेत कपाशीचे शंभर दाणे
ओल्या कागदाच्या गुंडाळीत आठ दिवस झोपलेले.
गुंडाळी उलगडली.
उजव्या डोळ्याला शंभरच्या शंभर उगवलेले दिसले,
हिरवट, लुसलुशीत, एकाशेजारी एक.
डाव्यानं मोजले: एक्क्याऐंशी.
उजव्याला जरा वेळ बघू दिलं.
मग वहीत एक्क्याऐंशी लिहिलं, खाली सही,
साहेब म्हणाले, मॅडम, मान का तिरकी?

संध्याकाळी चप्पल काढायच्या आत काकू पुढे आल्या.
स्वयंपाकघरात, मटकी मोड यायला टांगतात त्या खिळ्याला
पांढऱ्या फडक्याची एवढीशी पुरचुंडी.
"सकाळधरनं भिजवून ठेवलीय," त्या म्हणाल्या,
"मऊ पडायली बघ. उद्यापर्यंत येईल वळणावर."
मी त्यांना सांगणार होते
की आता ती डोळ्यात घालता येत नाही,
माती, मुंगी, डॉक्टर, सगळं तोंडावर आलं होतं.
"बघू," म्हणाले.
पुरचुंडीतून एक थेंब सुटला.
खिळ्याखाली वाटी होती, तीच.
त्यातलं पाणी उद्या कडीपत्त्याला.